एक मध्यम बटाटा

देलिमा, तुझं कार्ड सापडलं.
मसाल्यांच्या फळीवर नाही, पिठाच्या डब्यामागे नाही,
शिवणाच्या पेटीत, बटणांच्या खाली,
जिथं माझा हात उभ्या जन्मात गेला नसता.

बाहेर उणे एकवीस. नदी गोठलीय,
पलीकडचा कॅनडा चुलींच्या धुरात हरवलेला.
शनिवारी चर्चच्या तळघरात विक्री,
आणि यादीत तुझ्या नावापुढं: नीडम, दहा डझन.
तू बँगरच्या इस्पितळात, नवा खुबा घेऊन.
'यंदा राहू दे, ल्युजे,' म्हणालीस फोनवर,
जरा घाईनंच.

मी राहू देणारा माणूस आहे का?

चष्मा लावला. तुझं अक्षर, मुंग्यांची रांग.
लोणी, इतकं. पिठीसाखर, बापरे, इतकी.
किसलेलं खोबरं, दोन पाकिटं.
आणि सगळ्यांच्या वर, पहिल्याच ओळीत,
काही घडलंच नाही अशा थाटात:
एक मध्यम बटाटा, उकडून, कुस्करून.

कार्ड उलटून पाहिलं. मागं खुलासा नव्हता.

अगं, आठव्या वर्षापासून मी बटाटे वेचले.
शाळेला सुट्टी द्यायचे ती त्याचसाठी.
टोपली भरायची, पिंपात ओतायची,
नखांतली माती नाताळपर्यंत निघायची नाही.
मग सदतीस वर्षं ओनेझिमच्या गोदामात
पट्ट्यावरून येणारे तेच: हा खायचा, हा बियाण्याचा, हा कुजका.
लग्नात तुला एकच अट घातली,
माझ्या ताटात बटाटा नको.
तू मान हलवलीस.
एक्केचाळीस वर्षं बकव्हीटची धिरडी वाढलीस, हूं की चूं न करता.

आणि दर डिसेंबरात मी, ओट्याशी उभा,
एकामागून एक तोंडात टाकत सांगायचो,
'खोबरं म्हणजे खोबरं! कुठल्या तरी
उन्हातल्या बेटाची चव आहे ही.'
तू ताकाला तूर लागू दिली नाहीस.
पाठमोरी भांडं खरवडत राहायचीस, खांदे हलायचे.
मला वाटायचं, जोर लावतेयस.

घरात बटाटा कुठला असायला?
गेलो रोझेअरकडं. त्यानं पोतं पुढं केलं.
म्हटलं, एकच. मध्यम.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पोत्याकडं,
मग परत माझ्याकडं.

उकडला. सोलताना बोटं भाजली.
साखर पडली तर घट्ट व्हायचं सोडून
सगळं पाणी पाणी!
मी बटाट्याला आपल्या फ्रेंचमध्ये बोललो जे बोलायचं ते.
मग खोबरं घातलं, आणि सावरलं.
ट्रेमध्ये थापून ओसरीतल्या बर्फात ठेवलं,
भट्टी नको, फ्रिज नको, नुसता जानेवारी.
तोवर गरम पाण्यावर चॉकलेट,
त्यात मेणाचा तुकडा, चकाकीसाठी. (हेही मी खात होतो तर.)
चौकोन कापले, तुझ्यासारखे नाहीत,
एकेकाला काडी टोचून बुडवलं.
पहिला बुडाला तो वर आलाच नाही.
काडीची भोकं थेंब टाकून बुजवत गेलो,
गुन्ह्याची खूण पुसावी तशी. तूही असंच करायचीस ना?

मग एक खाल्ला. शोधला त्याला.
अंधारात नुसत्या सालीवरून जात सांगणारा मी,
जिभेनं कोपरा न् कोपरा धुंडाळला.
दुसरा खाल्ला. तिसरा.
नाही सापडला, देलिमा.

फोन लावला तुला. 'कोण?'
'एक मध्यम बटाटा,' म्हणालो.
बराच वेळ पलीकडून काही नाही,
मग नर्सचा आवाज: 'अहो, टाके! हसू नका!'

कार्डाच्या मापात पाचच डझन झाले,
त्यातले अकरा आता नाहीत.
उद्या पुन्हा रोझेअरचं दार वाजवावं लागणार.
काय सांगू त्याला?